वळणावरची घुमटी

आईने तेलाची बाटली आर्गिरोच्या हातात दिली तेव्हा दुपार कलायला लागली होती. तिचा भाऊ मानूसोस वळणावर सायकलसकट कोणाच्या तरी गाडीखाली गेला, त्याला वर्ष झालं होतं. सकाळी चर्चमध्ये उकडलेल्या गव्हात साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून वाटले होते. गाव मुठी भरून खाऊन गेलं होतं आणि नेहमीसारखं कोणी काही बोललं नव्हतं.

"वळणावर त्याची घुमटी आहे ना, तिच्यातला दिवा बघून ये," आई म्हणाली. "तुमच्या सायकलवाल्यांनी उभारली खरी, पण तेल कोण घालतं कोण जाणे."

आर्गिरोने बाटली जर्सीच्या मागच्या खिशात सारली. आईच्या पाठीमागे भिंतीवर, खिळ्याला, मानूसोसची लाल जर्सी लटकत होती. रक्त वाळून ती पत्र्यासारखी ताठ झाली होती. क्रीटच्या डोंगरी गावांत असा कपडा धूत नाहीत. मारणाऱ्याचं रक्त सांडलं की मगच धुतात.

थोरला भाऊ सिफिस वर्षभर दाढी वाढवून, कमरेला पिस्तूल लावून हिंडत होता. "फक्त नाव कळू दे," एवढंच म्हणायचा. नाव आर्गिरोलाही हवं होतं, पण सिफिसच्या आधी. ते तिला सरकारी वकिलाच्या टेबलावर ठेवायचं होतं. एक भाऊ रस्त्याने खाल्ला होता, दुसरा ती तुरुंगाला देणार नव्हती. आणि अख्ख्या गावाला काहीतरी ठाऊक असून सगळे दाताखाली जीभ धरून बसलेत, याची तिला किळस येत होती.

अंगणात अंजिराखाली सिफिस बसला होता.

"वळणावर जातेय. येतोस?"

"तिथे मी येत नाही."

वर्षभरात तो एकदाही तिथे गेला नव्हता. सहन होत नसेल, असं तिला वाटे.

रस्ता समुद्र सोडून लगेच चढाला लागतो. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला सरळ खाली लाटा. त्या दिवशी दक्षिणेकडून आफ्रिकेची धूळ घेऊन वारा आला होता. आकाश जुन्या जखमेसारखं पिवळं पडलं होतं. रानटी ओव्याचा आणि बकऱ्यांचा वास नाकात बसला होता. वळणावळणावरच्या पाट्यांची पोरांनी बंदुकीने चाळण केली होती, त्या भोकांतून वारा शीळ घालत होता.

हलका गिअर टाकून ती संथपणे चढत राहिली. असाच चढ लागला की मानूसोस मागून यायचा, तिच्या कमरेवर तळवा टेकवायचा आणि ढकलायचा. "चल गं गोगलगाय, समुद्र आटेल तोवर."

मग तिला ते ऐकू आलं.

टिक... टिक... टिक...

सायकलच्या मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलचा आवाज. मागे कोणीतरी सायकलवर होतं. तिने वाट द्यायला सायकल कडेला घेतली, पण पुढे कोणी आलं नाही. आवाज तेवढ्याच अंतरावर राहिला. आणि मग तिच्या ध्यानात आलं. फ्रीव्हील वाजतं ते पाय थांबवले की. उतारावर. या चढावर पाय थांबवले तर माणूस दोन हात पुढे जाणार नाही, आडवा पडेल.

टिक... टिक... टिक...

तिने मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. आवाज थांबला नव्हता.

ती वळणाशी पोहोचली. लोखंडी खांबावरची घुमटी, काचेचं दार, आत संताची तसबीर. दिवा तेवत होता. वात ताजी होती, तेल काठोकाठ. तिने हात आत घातला तशी तसबीर कलंडली, आणि मागून एक चांदीचा टाक खाली पडला. लोक नवस फेडताना वाहतात तसा. पाय बरा झाला तर पाय, डोळा बरा झाला तर डोळा.

या टाकावर एका पिकअप गाडीचं चित्र ठोकून उठवलेलं होतं.

तिने परत आत पाहिलं. मेलेल्यासाठी घुमटी बांधली तर आत त्याचा फोटो ठेवतात. इथे फोटो नव्हता. वर्षभर आईने, तिने, सगळ्या गावाने या घुमटीला हात जोडले होते, आणि ती मेलेल्यासाठी नव्हतीच. इथे जो वाचला होता त्याने ती बांधली होती.

वरून इंजिनाचा आवाज आला. पिकअप थांबली आणि तेलाचा डबा घेऊन व्हार्दिस उतरला. गावचा चीजवाला, म्हातारा. सकाळीच त्याने मानूसोसच्या नावाचे गहू खाल्ले होते, तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

त्याची नजर तिच्या हातातल्या टाकावर गेली.

"ठेव ते, पोरी. देवाचं आहे."

"तुम्ही होतात, व्हार्दिसकाका."

"गाडीचं पुढचं चाक दरीवर लोंबत होतं." तो हलक्या आवाजात बोलत होता, जणू घुमटीला ऐकू जाईल. "दोघं वाचलो. नवस बोललो होतो, फेडायला नको?"

"दोघं? चालवत कोण होतं?"

"मी नव्हतो."

"मग कोण?"

"मानूसोस ओरडत होता..." व्हार्दिस समुद्राकडे बघत म्हणाला. "पाय नव्हतेच राहिले, पण ओरडत होता. नावं घेत होता आमची. कोणीतरी ऐकलं असतं... मग डोक्यात दगड घातला. तेवढा दगड माझा."

तिच्या तोंडात धुळीची चव आली. "हे मी सरकारी वकिलाला सांगणार."

"सांगशील," तो शांतपणे म्हणाला. त्याने डबा खाली ठेवला आणि गाडीकडे वळला.

तिने सायकल उताराला सोडली.

आता तिचंही फ्रीव्हील टर्रर्र वाजत होतं. वारा कानात भणाणत होता. पहिलं वळण, दुसरं. मागून इंजिन गुरगुरत जवळ आलं. बंपर मागच्या चाकाला घासला, सायकल सापासारखी वळवळली. खाली लाटा दिसल्या, फेस दिसला. आणि त्या गोंगाटात तिला दोन फ्रीव्हील ऐकू आली. एक तिचं. दुसरं अगदी तिच्या खांद्याशी.

कमरेवर तळवा टेकला.

त्याने तिला असं ढकललं की ती कातळाच्या बाजूच्या चरात फेकली गेली. कोपराची कातडी दगडावर राहिली. पडता पडता तिने पाहिलं, पिकअपच्या काचेवर काहीतरी लाल येऊन आदळलं, दोन्ही बाह्या पसरून, पत्र्यासारखं ताठ. काच आत फुटली. व्हार्दिसची किंकाळी अर्ध्यात तुटली. गाडी कठडा तोडून गेली आणि खाली कातळावर आपटत राहिली, पुन्हा पुन्हा. शेवटी नुसता भोंगा वाजत राहिला.

ती कातळ धरून धरून खाली उतरली. व्हार्दिस काचेतून अर्धा बाहेर लोंबत होता. गळ्याभोवती ओळीने भोकं पडली होती, सारख्या अंतरावर, सायकलच्या दातेरी चक्राने पडावीत तशी. प्रत्येक भोकात काळं वंगण होतं. लाल कपडा कुठेच नव्हता.

घरी पोहोचली तेव्हा उजेड होता. सिफिस आतल्या खोलीत टेबलाशी बसला होता. तिचं रक्ताळलेलं कोपर पाहून उठला.

"वळणाखाली एक गाडी पडली दरीत," ती म्हणाली. "माणूस गेला."

सिफिसने तिच्या कोपरावरची धूळ पाहिली. मग त्याने विचारलं, "जायच्या आधी व्हार्दिस काही बोलला?"

तिने नाव घेतलं नव्हतं.

त्याच्याही ते ध्यानात आलं. तो मटकन खाली बसला.

"गाडी मी चालवत होतो. प्यायलो होतो," तो म्हणाला. "धूळ होती अशीच... मला वाटलं, तो मेलाय."

"तो ओरडत होता, सिफिस."

"हो... माझं नाव घेत होता."

वर्षभर ज्याला ती तुरुंगापासून वाचवत होती, तो तिच्यासमोर दाढी ओली करत बसला होता. ती रडली नाही. "उद्या सरकारी वकिलाकडे जायचं. तू स्वतः सांगायचंस."

त्याने पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं आणि होकारार्थी मान डोलावली.

पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला. "खिळ्यावरची जर्सी कोणी काढली रे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खालच्या गल्लीतून, चढावरून, सावकाश येत होतं...

टिक... टिक... टिक...

आर्गिरो धावत जाऊन दारात उभी राहिली. पाठ सिफिसकडे, तोंड गल्लीकडे, दोन्ही हात चौकटीला.

"मानूसोस, नको," ती कुजबुजली. "त्याने कबूल केलंय. उद्या नेतेय मी त्याला... आता रक्त नको."

आवाज उंबऱ्याशी येऊन थांबला. गल्लीत कोणी नव्हतं. तिने श्वास सोडला.

तेव्हा तिच्या कमरेवर तळवा टेकला. आतल्या बाजूने. चढावर ढकलायचा तसंच, हलक्या हाताने, त्याने तिला उंबऱ्याबाहेर ढकललं, आणि मागे दार लागलं.