रंगाचा सातवा हात

ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या त्या उतारावर पाऊस आडवा पडत होता. फुटपाथवर चार खणांचं एक लाकडी कपाट भिजत उभं होतं, अंगावर पुठ्ठा : 'फुकट'. मेरिननं त्याचं एक टोक उचललं. दुसरं आपोआप उचललं गेलं.

"थँक्यू," ती म्हणाली.

"थँक्यू कसलं? चोरतोय मी," पलीकडून आवाज आला.

"फुकटची वस्तू चोरता येत नाही."

"अरेरे. म्हणजे आजही जमलं नाही!"

त्याचं नाव फर्गस. प्लंबर. ऑक्टोबरअखेर जहाजानं अंटार्क्टिकाला निघालेला. तिथल्या तळावरचे नळ गोठू नयेत म्हणून, वर्षभरासाठी. प्रेमात पडायला याहून गैरसोयीचा प्लंबर शोधून सापडला नसता. मेरिन जुनं फर्निचर रंगवून शनिवारच्या बाजारात विकायची. कपाट तिच्या गॅरेजमध्ये गेलं आणि दर रविवारी फर्गस त्याची तब्येत विचारायला येऊ लागला.

दोघांनी जुना वॉर्निश खरवडला, पॉलिश पेपरनं घासलं, लाकडातला लाल डाग वर येऊ नये म्हणून लाखेचं अस्तर दिलं. मग पांढरा रंग.

"अजून एक हात हवा," फर्गस दर रविवारी म्हणायचा.

दोन हातांत काम झालं असतं. मेरिनला ते माहीत होतं. ती डबा उघडायची...

पाचव्या हाताला त्यानं तिच्या नाकावरचा रंग अंगठ्यानं पुसला. अंगठाही रंगानं माखलेला होता. ती दिवसभर पांढरं नाक घेऊन हिंडली, दूधसुद्धा तसंच आणलं.

'जाऊ नकोस' — एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्याला थांबवणारी आपण कोण?

सातवा हात त्यानं निघायच्या आदल्या दिवशी एकट्यानं लावला. घाईत, खण बाहेर न काढताच.

सकाळी मेरिननं वरचा खण ओढला. हलेना. रंगानं पार चिकटला होता. धक्क्यावर फर्गसनं पहिलं हेच विचारलं, "वरचा खण उघडलास?"

जाणाऱ्या माणसाला त्याचं काम बिघडलंय हे काय सांगायचं! "उघडला ना."

"मग?... काही म्हणायचंय?"

"छान आहे. एकदम गुळगुळीत."

"गुळगुळीत," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्यानं. मग शिडी चढून गेला.

जानेवारीत, तिथल्या भर उन्हाळ्यात, लाकूड आकसलं आणि एका दुपारी तो खण नुसत्या बोटानं उघडला. आत पॉलिश पेपरचा तुकडा, पाठीवर पेन्सिलीनं :

'राहा म्हण, राहतो. दुसरा प्लंबर मिळेल त्यांना. काही बोलली नाहीस तर समजेन, पुन्हा विचारणार नाही.'

तिनं फोन लावला. त्याचा आवाज दोन सेकंद उशिरा पोचायचा.

"खण चिकटला होता, फर्गस. मी खोटं बोलले."

"...कितव्या हातानं चिकटला?"

"सातव्या."

"...तो मी लावला होता."

"हो."



"मेरिन, मी अजून दोन वर्षांच्या करारावर सही केली. काल."

"का रे?"

"...परत बोलावणारं कोणी आहे, असं वाटलं नव्हतं."

ते कपाट तिनं बाजारात नेलं नाही. हिवाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून वरचा खण मात्र वीतभर उघडाच ठेवते. येणाऱ्याजाणाऱ्यांचं कोपर त्यावर आपटतं. ती सॉरी म्हणते, पण बंद करत नाही.