दोन घरचं हवामान

जानेवारीतल्या कोरड्या खडखडीत सकाळी कुणी पावसाचं माप घेताना दिसलं, तर हसू येणारच. कनिकाला तर ते आवरलंच नाही. वाटूरच्या चौकात तिची स्कूटी बंद पडली होती. समोर ग्रामपंचायतीच्या आवारात एक उंच, सावळा तरुण पर्जन्यमापकात डोकावून आला आणि फळ्यावर लिहू लागला — आजचा पाऊस : शून्य.

"पडलाच नाही, तर लिहिता कशाला?"

तो वळला. "न्हाई लिहिलं तर कुणी मोजलंच न्हाई असं होतं, मॅडम. मोजून शून्य आलं, हे लोकांना कळाया पाहिजे ना."

त्यानं दोन किकमध्ये स्कूटी चालू करून दिली. रामेश्वर त्याचं नाव. मेंढ्या राखणाऱ्या धुळाजींचा मुलगा, शेतकीचा पदवीधर. कनिका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि तिचे वडील झुंबरलाल हे वाटूरातले जुने मारवाडी व्यापारी. दुसऱ्या दिवशी स्कूटीला काहीच झालं नव्हतं... तरी ती थांबली.

विज्ञान दिनाला मुलांना एकेका शब्दाचं मूळ सांगायचं होतं. आयतंच निमित्त!

"हवामान हा शब्द आला कुठून हो?"

"हवा अरबी. फारसीतून आपल्याकडं आली. मान संस्कृत. मान म्हंजी माप. तापमान, पर्जन्यमान, तसंच."

"म्हणजे दोघं दोन घरचे!" ती डोळे बारीक करून म्हणाली. "मग त्यांची गाठ कुणी मारली?"

"कुणीच न्हाई. लोक बोलत गेले... अन् बसली की जोडी. आता कुणी वेगळं करून दाखवावं!"

आपण काय बोलून गेलो हे ध्यानात आलं तशी गड्याची कानशिलं तापली. आणि कनिकानं त्या दिवशी आठवीच्या वर्गाला एकच धडा दोनदा शिकवला.

मग रोज एक शब्द. आज पारा, उद्या रसायन. शब्द संपत आले, पण थांबणं काही संपेना. दोघंही मनातलं सोडून बाकी सगळं बोलत होते.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तिनं मान खाली घालून सांगितलं, "परवा जालन्याहून पाहुणे येणार आहेत. अर्पित नाव मुलाचं. बाबूजी बहुतेक पक्कंच करतील."

ती वाट पाहत राहिली.

"चांगलं घर असंल," एवढंच म्हणून तो फळा पुसत राहिला. शाळेपर्यंत कनिकाला रस्ता धड दिसला नाही, इतका राग आणि इतकं रडू येत होतं.

शनिवारी सकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवरून टपरीवाले सर्जेराव ओरडत होते, "रामेश्वरा, तीन वर्सांत पहिल्यांदा फळा कोरा! तब्येत बराबर हाय ना?"

रामेश्वर हातात खडू धरून नुसता उभा होता. कनिका सरळ त्याच्यासमोर गेली.

"मोजलं नाही आज?"

"मोजलं. पर लिहाया हात उचलंना." त्यानं खडू खिशात टाकला. "मॅडम... कनिका... मला तुम्ही पाहिजे. तुमच्या घरचे काय म्हणतील, माझी माय काय म्हणंल, काही ठाव न्हाई. पण काल गप बसलो, ते चुकलंच माझं."

"एवढं बोलायला महिना लावला?" तिचे डोळे भरून आले होते. तिनं तिथंच फोन लावला.

"बाबूजी, उद्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा. मला रामेश्वरशी लग्न करायचंय. धुळाजीकाकांच्या रामेश्वरशी."

पलीकडे दुकानातला गल्ला बंद केल्याचा आवाज आला.

"बाबूजी?"

"ऐकून राह्यलो. तुझी आई रडंल. समाज दहा गोष्टी बोलंल. जालनावाल्यांना तोंड मलाच दाखवावं लागंल."

"हो, बाबूजी."

झुंबरलालांनी मोठा सुस्कारा सोडला. "मंग उद्या पाहुण्यांच्याच वेळेला धुळाजीला यायला सांग. असली बोलणी पोरांशी न्हाई, बापाशी होत असतात."

"काय म्हणले?" रामेश्वरनं घाबरत विचारलं.

कनिका रडता रडता हसली. "जल्दी घरी जा. तुमच्या वडिलांना सांगा, उद्या आमच्याकडे चहाला यायचंय."