डावीकडचा स्वार

तांब्यावर सुई चालवायची एंद्रेसने आणि शाई पुसायची त्याच्या बायकोने, अपोलोनियाने. न्युरेंबर्गच्या त्या छापखान्यात ही वाटणी वीस वर्षांची. लढाई लांबली तशी लढाईच्या चित्रांना मागणी वाढली. एंद्रेसने तांब्याच्या पत्र्यावर घोडदळाची चकमक रेखून तो तेजाबात बुडवला. अपोलोनिया स्तोत्र गुणगुणत रेघांत शाई भरून तळहाताने पत्रा पुसू लागली.

पहिल्या छापात उधळलेल्या घोड्यांच्या मधोमध दोन स्वार समोरासमोर होते. डावीकडचा त्यांचा एकुलता एक काश्पर. चेहरा मसुरीएवढा, पण आईला तेवढा पुरला.

"अहो, पोर तिकडे खरंच लढतंय, आणि तुम्ही त्याला इथेही घोड्यावर बसवलंत?"

"ओळखीचं नाक चटकन जमतं," एंद्रेस हसला. "त्यातून ते तुझं नाक. वाया कशाला घालवू?"

उजवीकडच्या स्वाराचं पिस्तूल मांडीशी होतं. तिसऱ्या छापात ते वर आलं. सातव्यात काश्परच्या छातीवर रोखलेलं होतं. मधल्या काळात पत्र्याला सुई लागली नव्हती.

"शाई राहिली असेल," एंद्रेस म्हणाला. "पुसताना गात बसतेस, लक्ष असतं कुठे?"

आठव्या छापात काश्परने मान वळवली होती. तो आईकडे पाहत होता.

एंद्रेस छपाईचे कागद भिजवायला विहिरीवर गेला. अपोलोनियाने आठवा छाप समोर टेकवला आणि पत्रा मांडीवर घेतला. पुसलेल्या तांब्यावर दोन्ही शिरस्त्राणं सारखीच चमकत होती.

"देवा, तेवढं एकच पोर आहे रे," म्हणत तिने उजवीकडचा स्वार खरवडला. हात, छाती, चेहरा. जागा घासून गुळगुळीत केली.

शाई भरली. छाप काढला. कागद उचलला.

पिस्तूलवाला जागेवर होता.

त्याच्यासमोर नुसता पांढरा कागद.

पत्र्यावरची उजवी बाजू कागदावर डावी होते. तिच्या हातांना हे वीस वर्षं ठाऊक होतं. आज ती डोळ्यांचं ऐकून बसली होती.

एंद्रेस ओले कागद घेऊन आला, छाप निरखून म्हणाला, "बरं झालं. तिथे मोकळंच छान दिसतं."

"अहो, आपला काश्पर..."

"कोण?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती.

"दमलीस तू," त्याने तिच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. "हाताशी पोरंबाळं असती तर घरी निजली असतीस जरा."

ती पुन्हा नाव घ्यायला गेली. पहिलं अक्षर ओठांवर आलं. पुढचं येईना.

गाल ओले कशाने, म्हणून तिने बोटाने चाखून पाहिलं. मग पुढचा कागद मागितला.