मशीन बंद असताना

रविवारची जेवणं आटोपली की ताई कॉम्प्युटरसमोर बसायची. गेमचं तिला वेड होतं अशातला भाग नाही. आठवडाभर दवाखान्यांसाठी कवळ्या घडवणाऱ्या बाईला पडद्यावरच्या नावेचं काय कौतुक! पण दुसऱ्या गावातला तिचा धाकटा भाऊ बायको गेल्यापासून कोणाशी धड बोलत नव्हता. फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक’. गेममध्ये मात्र यायचा. तो नाव हाकायचा, ताई पुढे उभी राहून कंदील धरायची. हेडफोनवर ‘डावीकडे खडक आहे रे’ एवढंच बोलणं व्हायचं. भावजयीचा विषय तिने कधी काढला नाही. खपली काढायचं धाडस होत नव्हतं.

मग मशीन रुसायला लागलं. एरवी दिवसभर चालायचं, पण खेळ रंगात आला की पडदा काळा, पंखा गप्प. आणि जरा वेळाने आपलं आपण पुन्हा सुरू.

“तापत असेल,” नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

ताईने मशीनचा डबा उघडला. कवळ्यांच्या बारीक ब्रशने कोपऱ्याकोपऱ्यातली धूळ काढली, रॅमच्या पट्ट्या काढून घट्ट बसवल्या, प्लग दुसऱ्या भिंतीला लावला. मशीन कोमटसुद्धा होत नव्हतं. तरी पुढच्या रविवारी, ऐन वादळात, पुन्हा तेच.

तिने भावाला फोन लावला. “सॉरी रे, तुला मध्येच सोडून गेले.”

“कुठे सोडलंस? होतीस की. कंदील हललासुद्धा नाही.”

“नेट अडकलं असेल. जुनंच चित्र दिसत असेल तुला.”

“चित्र बोलतं का गं?” तो हसला. किती महिन्यांनी हसला! “बरं झालं तू विचारलंस. तिच्याबद्दल कोणी विचारतच नव्हतं मला.”

मी काहीच विचारलं नाही, हे ताईच्या ओठांवर आलं होतं. पण ते हसू तिला मोडवेना.

त्यानंतर पडदा काळा झाला की ती हेडफोन काढायची नाही. कान देऊन ऐकायची. मुकं प्लास्टिक. आणि मशीन सुरू झालं की भावाचा आवाज भरून आलेला, पण मोकळा. तो वेळेवर जेवू लागला होता. दाढी करू लागला होता. जे सख्ख्या बहिणीला जमलं नाही ते कोणालातरी जमत होतं, आणि ताईला त्याची भीती वाटायची त्याहून जास्त असूया वाटायची.

“चाललंय ते चालू दे,” नवरा म्हणाला. त्याला निम्मंच सांगितलं होतं.

मग एके दिवशी भाऊ म्हणाला, “तू म्हणालीस तसं केलं. तिचे कपडे देऊन टाकले. फोटोही उतरवले.”

“फोटो? का?”

“तूच म्हणालीस ना, घरात जागा कर म्हणून.”

ताई खुर्चीतून उठली. “अरे, ती मी नव्हते. ऐक माझं. माझं मशीन तेव्हा बंद असतं.”

“ताई, चेष्टा पुरे हं,” तो जरा दुखावून म्हणाला.

आता हे थांबवायलाच हवं होतं. तपासायचा उरला होता तो वीज पुरवणारा पॉवर सप्लाय; खेळात जोर आला की तोच दगा देत असणार. तिने नवा आणला. रविवारी दुपारी जुना काढून जमिनीवर ठेवला. डबा पोट फाडल्यासारखा उघडा, वायरी लोंबत होत्या. नवा बसवायला वेळ लागणार, म्हणून तिने भावाला फोन केला.

“अरे, आज जरा उशीर होईल. मशीन खोलून बसलेय.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतोयस ना?”

“कोण बोलतंय?” भावाने परक्या आवाजात विचारलं. “ताईचा फोन तुमच्याकडे कसा?”

“अरे, मीच! ताई!”

“ताई इथे बसलीय.”

मागून हसू ऐकू आलं. नाकातून फुसकन सुटणारं, ताईचं स्वतःचंच. हेडफोनमधून झिरपतं तसं बारीक नव्हतं ते. त्याला खोलीचा घुमारा होता.

“ठेव रे तो फोन,” तिच्याच आवाजात कोणीतरी मायेने म्हणालं. “चहा गार होतोय.”

फोन बंद होण्याआधी बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. आणि त्यामागून, सावकाश, दुसरा.