चारला दहा कमी

हल्ली मी कचऱ्याची बिन गेटपाशी ठेवायला गेले तरी घराची किल्ली गळ्यात अडकवून जाते. संजय हसतात. म्हणतात, "दहा पावलांवर जातेस ना, की कराडला निघालीस?" हसू देत. स्वतःच्या घराकडे बाहेरून बघायची वेळ त्यांच्यावर आलेली नाही.

सुरुवात अगदी साधी होती. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. गुरुवारी सकाळी शेजारची मधुमती एक लॅपटॉप आणि डबाभर चिवडा घेऊन दारात उभी राहिली. तिच्या दिराचं नागपूरला लग्न होतं. ती, विनय आणि त्यांची बारा वर्षांची अन्वी दोन आठवड्यांसाठी निघाली होती.

"शशीताई, हा अन्वीचा शाळेचा लॅपटॉप. देशाबाहेर न्यायचा नाही, असा शाळेचा नियम आहे. रिकाम्या घरात ठेवायचा नाही, हाही नियमच. आता सांगा, डोक्यावर घेऊन फिरू का मी?"

"अगं, ठेव की इथे. चिवड्यात दाणे घातलेस ना?"

लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या गल्लीतल्या सहा घरांच्या किल्ल्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. कोणाची पार्सलं, कोणाची झाडं, कोणाचं मांजर. लोक मला चौकस म्हणतात. माझ्या पाठीमागे वेगळं काही म्हणत असतील. पुढच्या खोलीत खिडकीला जाळीचा पडदा आहे आणि त्यामागे माझी खुर्ची. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान जातं, त्यासाठी मी मान वर करत नाही. पण रस्त्यावरून कोण गेलं आणि हातात काय होतं, ते मला माहीत असतं.

लॅपटॉप बंद होता. जाड काळं रबरी कव्हर, मागे शाळेच्या नंबराचं लेबल. चार्जरला रबरबँड लावला, दोन्ही वस्तू उशीच्या अभ्र्यात घातल्या आणि वरच्या कपाटात साड्यांच्या मधे ठेवून दिल्या.

सोमवारी चार वाजता फोन आला. इथल्या मराठी मंडळातल्या कमलाकररावांचा मुलगा कुश. इथेच जन्मलेला, अन्वीच्या शाळेत कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी करतो.

"काकू, अन्वीची लॅपटॉप तुमच्याकडे आहे ना? फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट तुमचा नाव आहे."

"अन्वीचा लॅपटॉप रे. आहे माझ्याकडे. का?"

"कोणीतरी त्याच्यावर टाइप करतंय. मुलं काय लिहितात ते आमच्या सिस्टिमला दिसतं ना, सेफ्टीसाठी. एकच लाइन खूप वेळा आली की अलर्ट येतो. हे मराठी आहे, म्हणून शाळेच्या मिसेस हॅरिसनी मला दिलं. त्यांना वाटतं, अन्वी घराबाहेर अडकली आहे."

"अन्वी नागपूरला आहे. काय लिहिलंय?"

त्याने अडखळत वाचलं. "काकू, दार उघडा. काकू, दार उघडा. असं चाळीस वेळा. शुक्रवारी आणि आज. दोन्ही दिवशी चारला दहा कमी."

फोन कानाला धरूनच मी जिना चढले. कपाट उघडलं. अभ्रा जागच्या जागी, चार्जरचा रबरबँड तसाच. पण एरवी त्या कपाटाला डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. आज भिजलेल्या लोकरीचा होता, पावसातून आलेल्या मुलांच्या ब्लेझरला येतो तसा. आणि लॅपटॉप हाताला कोमट लागला. कोणी नुकताच मांडीवरून उतरवून ठेवावा, तसा.

"बंद आहे रे," मी म्हणाले.

"इथे ऑनलाइन दिसतोय, काकू. बॅटरी फुल. मी इथून लॉक करते. मग कोणालाच टाइप करता येणार नाही."

आईकडून मराठी शिकलेले मुलगे असंच बोलतात. एरवी मी हसले असते.

मी लगेच नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. अन्वी दोन्ही हातांवर ओली मेंदी घेऊन बसलेली, मागे लग्नघराचा गलका.

"मी तर इथे आहे, काकू! पासवर्ड पण कोणाला नाही दिला." मग ती फोनजवळ सरकली. "कव्हरच्या खाली ती लाल टिकली आहे ना... ती तुम्ही लावली? मी दोनदा काढली. परत येते."

फोन ठेवून मी रबरी कव्हर सोलून काढलं. डाव्या कोपऱ्यात टिकली होती. लाल, सोनेरी कडेची. तसलं पाकीट मी कराडहून आणते. आणि लॅपटॉपला टिकली लावणारी मुलगी मला एकच माहीत होती.

तनू.

अन्वीच्या आधी त्याच घरात वीणा आणि तिची लेक तनू राहायच्या. वीणाचा नवरा वेगळा झालेला. ती मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात कामाला. तनू शाळेतून चारला दहा कमी असताना यायची. बेल कधी वाजवायची नाही. माझ्या दाराच्या लेटरबॉक्सची पितळी झडप दोनदा वाजवायची, टक-टक, आणि आत यायची. माझ्या स्वयंपाकघरात बसून अभ्यास करायची. शाळेचे सगळे लॅपटॉप सारखेच, म्हणून तिने माझ्या पाकिटातली टिकली आपल्या लॅपटॉपवर लावली होती. तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमध्ये, आईच्या दुकानाकडे पळत जाताना, एका व्हॅनखाली ती गेली. दप्तरातल्या लॅपटॉपला ओरखडाही नव्हता. तो शाळेत परत गेला, पुसून कोरा केला असेल, यादीतला नंबर बघून कोणीतरी पुढच्या मुलीला दिला असेल. कव्हरखाली कोण बघतं?

मंगळवारी साडेतीनलाच मी लॅपटॉप टेबलावर उघडून बसले. स्क्रीनवर एकच वाक्य होतं: हा लॅपटॉप शाळेने लॉक केला आहे, परत करा. सगळी बटणं दाबून पाहिली. काही हललं नाही. कुश फोनवर होता. बाहेर अंधारून आलं होतं. मी दिवा लावला, परत बंद केला, परत लावला.

"काकू," तो एकदम हळू बोलला. "सुरू झालं."

माझ्या समोरची स्क्रीन तशीच. एक अक्षर नाही.

"काकू, दार उघडा... काकू, दार उघडा... काकू, मी किल्ली विसरले..." त्याचा आवाज बारीक होत गेला. "आता वेगळं आलं. पडदा हलला. मी बघितलं. तुम्ही घरात आहात." मग त्याने विचारलं, "काकू, कुठला पडदा?"

"काही नाही रे. शाळेच्या नाटकातलं असेल," मी म्हणाले.

खोटं माझ्या तोंडून किती सहज निघालं! कारण ते दुसऱ्यांदा निघत होतं.

पोलिसांना मी सांगितलं होतं की तनू गेली त्या दुपारी मी वर झोपले होते. झोपले नव्हते. मी माझ्या खुर्चीत होते. आदल्या आठवड्यात वीणा माझ्या दारात येऊन बोलून गेली होती. "शशीताई, बाबा कधी येतात, आई कोणाशी फोनवर बोलते, असलं माझ्या लेकीला विचारत जाऊ नका. तिची उलटतपासणी नको." मला फार लागलं. मी अबोला धरला. म्हटलं, एक दिवस हिच्या पोरीला दाराबाहेर राहू दे, मग कळेल शेजार काय असतो. टक-टक झालं. परत झालं. मी पडदा दोन बोटं सरकवून पाहिलं, तर तिने इकडेच वर मान केली. मी पडदा सोडला. थोड्या वेळाने ती गेटमधून निघून गेली. हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं. संजयनाही नाही.

संध्याकाळी कुश येऊन लॅपटॉप घेऊन गेला. लेबलवरचा नंबर पाहताना त्याचा चेहरा उतरला; जुन्या यादीत तो कोणाच्या नावावर होता, हे त्यानेही पाहिलं असावं. "शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवते, काकू. किल्ली फक्त माझ्याकडे." आता घरात ते यंत्र नव्हतं. मला वाटलं, सुटले.

बुधवारी संजय दोनच्या शिफ्टला गेले होते. मी एकच ओटा तीनदा पुसला. चहा केला, ओतून दिला. चारला दहा कमी झाले.

टक-टक.

पितळी झडप. पुन्हा, टक-टक.

मी खुर्चीकडे गेले नाही. पडद्याला हात लावला नाही. सरळ जाऊन दार सताड उघडलं. पायरीवर कोणी नव्हतं. रिमझिम, दिव्याखाली ओला फुटपाथ आणि तोच लोकरीचा वास.

"ये, बाळा," मी म्हणाले. "ये आत."

मग दार उघडं ठेवूनच आता ब्रिस्टलला राहणाऱ्या वीणाला फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. सगळं सांगितलं. अबोला, झडप, दोन बोटं सरकवलेला पडदा, पोलिसांना सांगितलेली झोप. मी रडत होते. शेवटी ती म्हणाली,

"मला माहीत होतं, शशीताई. तुमचा पडदा हलला नाही, असा एक दिवस नव्हता त्या गल्लीत. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगाल."

"वीणा, माफ..."

"ते माझ्याकडे मागू नका," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चपला न घालता मी पायरी उतरून गेटपर्यंत गेले, मोठ्या रस्त्याच्या दिशेने बघत उभी राहिले, तनू गेली त्या वाटेकडे. मागे खट् झालं. वारा नव्हता. दार लागलं होतं. आमचं दार ओढलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, आणि किल्ली आत खुंटीवर.

हातातला फोन थरथरला. कुशचा मेसेज. काकू, लॅपटॉप कपाटात आहे, कपाट लॉक आहे, मी समोरच आहे. पण आत्ता एक नवी लाइन आली. "मी घरात आहे."

पावसाने पाय गारठले होते. घरात कुणीही नव्हतं. संजय दहाशिवाय येणार नव्हते. तरीही काय वाटलं कोणास ठाऊक, मी पायरी चढले आणि स्वतःच्याच घराची झडप वाजवली. टक-टक. कान देऊन थांबले. पुन्हा वाजवली.

कोणी दार उघडलं नाही. फक्त पुढच्या खोलीतला पडदा दोन बोटं बाजूला सरकला... आणि सोडल्यासारखा जागेवर आला.