तिसऱ्या वळणावरचा लाल काटा

दिगूमामाची लाल गाडी गॅरेजच्या दारात तासभर नुसती घुरघुरत ठेवली, तरी तिचा तापमानाचा काटा मधल्या रेघेवर गपगुमान बसून राहायचा. घाट लागला, की तिसऱ्या वळणावर तोच काटा लाल पट्ट्यात. गाडी तीच, पाणी तेच, चालवणाराही तोच. मग घाटातच असं काय व्हायचं?

हे कोडं त्याच्या भाचीला, चार्वीला, दुपारच्या आत सोडवायचं होतं. घाटमाथ्यावरच्या कुरणवाडीच्या दवाखान्यातला प्राणवायू संध्याकाळपर्यंतच पुरणार होता, आणि तिथल्या एका खाटेवर तिचे बाबा धापा टाकत पडले होते.

सौरवादळानं (सूर्यातून उसळलेल्या विद्युतभारित कणांच्या लाटेनं) विजेची मोठमोठी रोहित्रं (विजेचा दाब कमी-जास्त करणारी यंत्रं) जाळली, तेव्हापासून तालुक्यातल्या विजेच्या गाड्या जागच्या हलल्या नव्हत्या. काहींत कोंबड्या अंडी घालत होत्या. धावत होती ती मामाची जुनी, शर्यतीसाठी बदल करून घेतलेली पेट्रोलची गाडी. जी माणसं तिला वर्षानुवर्षं भंगार म्हणत, तीच आता मामाला दिगंबरराव म्हणू लागली होती. मामालाही ते ऐकू येत नाही असं नव्हतं. एरवी एका हाकेत ओ देणारा माणूस हल्ली दुसऱ्या हाकेची वाट बघायचा.

पण परवा प्राणवायूचे सिलिंडर वर नेताना गाडी तिसऱ्या वळणावर उकळली. मामानं घाईघाईत रेडिएटरचं (इंजिनातलं तापलेलं पाणी गार करणाऱ्या जाळीचं) झाकण उघडलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. बंद झाकणाखाली पाण्यावर दाब असतो, म्हणून ते शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि पाण्याची एकदम वाफ होते. सिलिंडर मग माणसांनी खांद्यावरून वर नेले. ते पोचेपर्यंत बाबांच्या शेजारच्या खाटेवरचे सुभानाआजोबा गेले होते.

आज मामा पट्टी बांधल्या हातानं थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की उघडणारी झडप) काढून फेकायला निघाला होता. सगळे तसंच करतात, असं त्याचं म्हणणं. कोपऱ्यातल्या खटपट्यानं त्याला अडवलं. खटपट्या हा गॅरेजचा यंत्रमानव. डोक्यावरच्या सौरपट्टीवर जगायचा, म्हणून शब्द मोजून वापरायचा. टोमण्यांना मात्र त्याची वीज कधी कमी पडली नव्हती.

"मालक, ताप आला म्हणून जीभ कापायची का? आधी कुठं दुखतंय ते बघू."

मामा पुटपुटला, की आपली गाडी आपण ओळखतो, तिचं जन्मापासूनचं आपल्याला ठाऊक आहे. पण त्यानं पाना खाली ठेवला.

खटपट्यानं चार्वीला समजावलं ते असं. इंजिनात पेट्रोल जळतं, त्या उष्णतेचे साधारण तीन वाटे होतात: एक चाकं फिरवतो, एक धुराबरोबर निघून जातो आणि एक बाहेर काढण्याचं काम पाण्याच्या गळ्यात पडतं. घाट चढताना टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) कामाला लागतो, पेट्रोल जास्त जळतं आणि पाण्यावरचा बोजाही वाढतो. दारात उभ्या गाडीचा काटा बघून तिला ठणठणीत म्हणणं म्हणजे रिकामी घागर उचलून पैलवान म्हणवून घेणं.

"मग तिला दमवूनच बघायला हवं," चार्वी म्हणाली.

गॅरेजमागच्या चढावर मामानं गाडी दोन-चारदा जोरात पिटाळली. काटा वर सरकू लागताच ती परत आणून उभी केली, इंजिन चालूच ठेवून. खटपट्यानं आपलं उष्णता मोजणारं बोट वरच्या नळीजवळ धरलं. नळी कढत होती. म्हणजे झडप उघडत होती, पंप पाणी ढकलत होता. मग बोट खालच्या नळीजवळ नेलं. तिथून गार झालेलं पाणी इंजिनात परत जायला हवं. पण तीही जवळजवळ तितकीच कढत.

चार्वीनं एका नळीवरून दुसरीवर नजर फिरवली. "पाणी फिरून येतंय, पण उष्णता कुणाला देतच नाहीये."

खटपट्या म्हणाला, "बरोबर. इंजिन पाण्याला देतं, पाणी जाळीला, जाळी वाऱ्याला. हातोहात विटा द्यायला माणसं उभी केली आणि शेवटचा जागेवरच नसला, तर विटा सगळ्यांच्याच हातात अडकतात. वारा जागेवर आहे का बघ."

पंखा तर फिरत होता. चार्वीनं वर्तमानपत्राचा कपटा गाडीच्या तोंडावरच्या जाळीला लावला. आत ओढणाऱ्या वाऱ्यानं तो चिकटून राहायला हवा होता. तो खाली पडला.

मामा म्हणाला की ही जाळी आपण रोज सकाळी फडक्यानं पुसतो. खरंच, ती आरशासारखी होती. पण ती रेडिएटर नव्हतीच. तो होता इंटरकूलर (टर्बोनं कोंबलेली हवा गार करणारी जाळी), शर्यतीसाठी मागाहून पुढे बसवलेला. रेडिएटर त्याच्या मागे, आणि दोघांमध्ये बोटभर फट. ती पुसायला कुणी कधी गेलंच नव्हतं, कारण ती दिसतच नव्हती.

इंजिन बंद करून ते गार झाल्यावर चार्वीनं फटीत आरसा धरला. आत काहीतरी केशरी दिसलं. तिनं वाकवलेली तार घातली आणि ओढलं. तर गोधडीसारखा जाड थर निघाला, झेंडूच्या पाकळ्यांचा. गुलालात माखलेला, दोऱ्यांनी विणलेला, भाजून कडक झालेला.

प्राणवायू पोचवून परतताना वाटेवरची प्रत्येक वाडी गाडीच्या तोंडाला हार घालायची. मामा ते काढत नसे. भंगार ऐकून किटलेल्या कानांना ते हार सुखाचे वाटत. हारांसकट तो वेगानं यायचा. पाकळ्या सुटून इंटरकूलरच्या वरून आत जायच्या आणि फटीत साचायच्या.

मामा जमिनीवर बसला. "सुभानाच्या सुनेनं घातलेला हार पण आसंल ह्यात," तो म्हणाला.

चार्वीनं उरलेला थर काढला, मग इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हलक्या धारेनं पाणी मारलं. जोराची धार मारली तर जाळीचे पातळ पत्रे वाकतात. फटीच्या वरच्या तोंडावर तिनं बारीक तारेची जाळी बसवली. कपटा पुन्हा लावला. चिकटला.

सिलिंडर गाडीत घालून ते घाटाला लागले. तिसऱ्या वळणावर काटा वर चढला, लाल पट्ट्याच्या अलीकडे थबकला आणि तिथंच राहिला. बाबांच्या नाकाला नळी लागली तेव्हा उजेड अजून होता. त्यांचा श्वास हळूहळू मोकळा झाला. शेजारची सुभानाआजोबांची खाट रिकामी होती.

बाहेर आजोबांची सून गाडीला घालायला हार घेऊन उभी होती. चार्वीचे पाय जागीच थांबले. मामा मात्र पुढे गेला आणि त्यानं सगळं सांगितलं, काही न वगळता. "हार घालणं तुमचं होतं, वहिनी. काढणं माझं होतं. ते मी केलं नाही."

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हातात हार नव्हता, बादली होती.

"पाणी कुठनं मारायचं?" तिनं चार्वीला विचारलं.

"आतून बाहेर. पण थोडं थांबा, काकू. अजून कढत आहे."

ती बादली शेजारी ठेवून पायरीवर टेकली. चार्वी तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी गाडी गार व्हायची वाट बघत राहिल्या.