वाढत्या अंगाची सायकल

यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्याच वळणावर केतकीने पाय टेकले. तळहातांना मुंग्या आल्या होत्या, मान आखडली होती आणि घसरत घसरत ती सीटच्या पार पुढच्या टोकाला येऊन पोचली होती. थोडक्यात, नाकी नऊ आले होते. आणि गंमत बघा, याच सायकलवरून तिचा आतेभाऊ ओजस नुकताच पाच वळणं चढून, शीळ घालत खाली आला होता.

बरं, ओजस म्हणजे कोणी पैलवान नव्हे. तो जन्मला आणि वाढला चंद्रावरच्या वसाहतीत. वर्षापूर्वी तो आत्याबरोबर साताऱ्यात राहायला आला, तेव्हा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे (जमीन आपल्याला खाली खेचते ती ओढ) त्याला साधा जिना चढतानाही धाप लागायची. आता कुठे त्याचे पाय जरा घट्ट झाले होते. उंची म्हणाल तर दोघांची अगदी सारखी. स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलीने केलेल्या त्यांच्या खुणा एकीवर एक बसल्या होत्या.

सायकल तीच, उंची तीच, घाट तोच. मग एकाला जमतं आणि दुसरीला का नाही?

केतकीने या कोड्याचं उत्तर काढलं आणि ते साफ चुकलं. "माझ्यातच काहीतरी कमी आहे," ती मनाशी म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! पण त्या बिचारीला हे कोण सांगणार? तिला फार वाईट वाटलं होतं आणि रडू आवरेना झालं होतं.

त्यात वेळही नेमकी नको ती. त्या काळी साताऱ्याच्या सायकलघरात बारा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला घाटात पळवायची हलकी, वेगवान सायकल मिळत असे. तिची फ्रेम (सायकलचा नळ्यांचा सांगाडा) तिथलं यंत्र डोळ्यांदेखत छापून द्यायचं, पण एकदाच. पुढची फ्रेम थेट पंधराव्या वर्षी. आज संध्याकाळी केतकीची पाळी होती आणि रविवारी सगळ्या मुलांची घाटफेरी. वर्षभर तिने याच दिवसाची वाट पाहिली होती.

"मला नकोच सायकल," सायकलघराच्या दारात ती आईला म्हणाली. "माझी पाळी दुसऱ्या कुणालातरी द्या."

"वेडी आहेस का?" आई म्हणाली. "वर्षभर माझं डोकं खाल्लंस आणि आता नको म्हणे! चल आत."

आत मापाड्या उभा होता. मापाड्या म्हणजे सायकलघराचा यंत्रमानव. धान्यबाजारात पूर्वी मापाडी असत, ते पहिलं माप 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून मोजत. याला घडवणाऱ्या बाईंचं घराणं मापाड्यांचं होतं, म्हणून तोही 'लाभ, दोन, तीन' असंच मोजायचा. बोलणंही थेट बाजारातलं.

"काय गं पोरी, तोंड का पाडलंयस?" त्याने विचारलं.

केतकीने सोबत आलेल्या ओजसला कोपराने ढोसलं. ओजसने घाटातली सगळी हकिगत सांगितली.

आईचं लक्ष मात्र भिंतीवरच्या तक्त्याकडे होतं. त्यात उंचीसमोर फ्रेमचा नंबर होता आणि केतकीच्या उंचीसमोर अठ्ठेचाळीस लिहिलं होतं. ओजसच्या फ्रेमचाही तोच नंबर. पण आईने नमुन्याच्या सायकलींमधून बावन्न नंबरची ओढली.

"ये, हिच्यावर टांग टाकून उभी राहा. बघ! मधली नळी टेकत नाही आणि दोन्ही पाय जमिनीला पुरतात. हीच घेऊ. वाढतं अंग आहे."

वाढतं अंग! हे दोन शब्द केतकीने जन्मापासून ऐकले होते. तिच्या बुटांच्या पुढे कापूस असायचा, फ्रॉकच्या खाली तीन दुमडी असायच्या आणि स्वेटरच्या बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर यायची नाहीत.

"ताई, थांबा की जरा," मापाड्या म्हणाला. "पोरांनो, भिंतीला पाठ लावून उभे राहा."

दोघं उभे राहिले. डोकी एका रेषेत.

"आता त्या बाकावर बसा. ताठ."

दोघं बसले आणि केतकीचे डोळे विस्फारले. ओजसचं डोकं तिच्यापेक्षा चांगलं चार बोटं वर गेलं होतं!

"हा कधी उंच झाला?" ती ओरडली.

"मी काही केलं नाही!" ओजस दचकून म्हणाला.

मापाड्या खो खो हसला. "उंची तेवढीच आहे, वाटे वेगळे आहेत. ओजसच्या उंचीत धडाचा वाटा मोठा, तुझ्या उंचीत पायांचा. चंद्रावर ओढ इथल्या सहाव्या हिश्श्याएवढीच. तिथे मणक्यांमधल्या मऊ गाद्या (पाठीच्या हाडांना धक्का बसू न देणाऱ्या चकत्या) फारशा दबत नाहीत. तिथे वाढलेल्या पोरांची पाठ लांब राहते ती अशी. पण यासाठी चंद्रच पाहिजे असं नाही हं. तुझ्या वर्गातली एका उंचीची दोन पोरं बाकावर बसवून बघ, कळेल."

"आणि माझे पाय एवढे लांब का?"

"तुझ्या वयात बऱ्याच पोरांचे पाय आधी वाढतात. धड मागून येतं, निवांत."

केतकीच्या डोक्यात आता चक्र फिरू लागलं होतं. ती सायकलकडे बघत म्हणाली, "पण सायकलला काय कळतं, माझे पाय लांब आहेत की पाठ?"

"लाख बोललीस! सायकल तुला कुठे कुठे शिवते, सांग बघू."

"पायाशी पेडल... बुडाखाली सीट... आणि हातात हँडल."

"झालं तर! सीटपासून पेडलपर्यंत पायांचं राज्य. पाय लांब असले तर सीटचा दांडा वर ओढायचा. चांगला वीतभर निघतो, पाहिजे तिथे घट्ट करायचा. पण सीटपासून हँडलपर्यंत राज्य कुणाचं?"

"पाठीचं!" ओजस म्हणाला.

"आणि हातांचं!" केतकी म्हणाली.

"त्याला आम्ही पोच म्हणतो (सीटवर बसून हँडल धरायला जितकं पुढे वाकावं लागतं ते अंतर). ती ठरते फ्रेमच्या नळीवर, आणि नळी काही ओढून लांब किंवा दाबून आखूड होत नाही. हँडलची मान (हँडल फ्रेमला जोडणारा आखूड दांडा) बदलली तर बोटभर फरक पडतो, जास्त नाही. पोच लांब पडली की तू ताणली जातेस. अंगाचा भार तळहातांवर येतो, तिथली नस दबते, मुंग्या येतात. मान वर उचलून धरावी लागते, ती आखडते. हँडल जवळ यावं म्हणून तू नकळत सीटवरून पुढे सरकतेस..."

"म्हणजे घाटात तेच झालं!" केतकी किंचाळलीच. "माझ्यात काही कमी नव्हतं!"

"तुझ्यात काय कमी असायचंय? सायकल ओजसची होती."

केतकीला एकदम इतकं हलकं वाटलं, की तिने मापाड्याच्या थंडगार पत्र्याच्या पोटाला मिठीच मारली.

मग त्याने तिला घोडीवर बसवलं. ही घोडी म्हणजे जागच्या जागी चालवायची सायकल. तिची नळी मापाड्या हवी तेवढी लांब-आखूड करू शकायचा. "डोळे मीट आणि पाय मार. आधी सीट बघू. टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलंस की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने मारताना गुडघ्यात थोडासा बाक राहतो, तोच हवा. लाभ... दोन... हां, झाली सीट. आता मी पोच कमी करत जातो. कोपर सैल पडले आणि हातांवरचा भार गेला, की सांग."

घोडी घुर्र घुर्र करत आखडत गेली. अठ्ठेचाळीस. सेहेचाळीस. केतकीचे खांदे कानांजवळून खाली आले.

"इथे! इथेच!"

तिने डोळे उघडले. काट्यावर आकडा होता चव्वेचाळीस.

"चव्वेचाळीस?" आई उडालीच. "अहो, दोन वर्षांत तोकडी होईल! मग वर्षभर काय करायचं तिने?"

"तोकडी होईल ती पायांना, ताई. त्याला सीटचा दांडा आहे की. पुढे धड वाढलं की हँडलची मान बोटभर लांब लावू. छोट्या फ्रेमवर सीट उंच गेली की हँडल खाली पडतं, म्हणून मानेखाली चकत्या घालून तेही वर घेऊ. तीन वर्षं सहज निघतील. अगदीच लहान फ्रेम घेऊ नये, गुडघे हँडलला लागतात. पण मोठीला इलाज नाही. फ्रॉक दुमडता येतो, फ्रेम दुमडता येत नाही."

छापायचं बटण आईच्या अंगठ्याशिवाय चालणार नव्हतं. आई कधी बावन्नकडे बघे, कधी चव्वेचाळीसच्या आकड्याकडे.

केतकीने तिचा हात धरला. "आई, मला वाढल्यावर नाही चालवायची. मला आत्ता चालवायची आहे."

 आई हळूच म्हणाली, "माझा शाळेचा गणवेश मला कधी नीट बसला, माहीत आहे? दहावीच्या निरोप समारंभाला. दुसऱ्या दिवसापासून शाळाच नव्हती."

आणि हसत, डोळे पुसत तिने बटणावर अंगठा ठेवला. यंत्र गुणगुणू लागलं. काचेआड एकेक नळी उगवत गेली, तशी केतकी नाचायचीच बाकी राहिली होती.

रविवारी सकाळी घाटात बोचरी थंडी होती. दुसरं वळण आलं आणि गेलं. पाचवं गेलं. केतकीला दरीतलं धुकं दिसत होतं, खाली सातारा दिसत होता, स्वतःचा श्वास ऐकू येत होता. दुखत होत्या त्या फक्त मांड्या, आणि त्या तर सगळ्यांच्याच दुखत होत्या.

यवतेश्वरच्या माथ्यावर आई स्कूटर घेऊन थांबली होती. मागोमाग ओजस धापा टाकत आला.

"आमच्या वसाहतीत सायकलचा रस्ता होतोय," तो म्हणाला. "पुढच्या उन्हाळ्यात येशील?"

"येईन की! पण तिकडे राहून माझी पाठ लांबली, तर पोच बदलेल ना? तिथे नव्याने माप घ्यावं लागेल मला," केतकी म्हणाली आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झाली.

आईने पाण्याची बाटली पुढे केली. "दमली असशील. सायकल मागे बांधू का? स्कूटरवरून जाऊ घरी."

केतकी घटाघटा पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं आणि पठारावरून पुढे पळणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "मी कासपर्यंत जाऊन येऊ?"